गिरदावराच्या पाटीतली वांगी

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी परसात उंच वाफा बांधला. निजामाचं राज्य होतं तेव्हा. कुरुंद्याकडची आमची जमीन काळी, चिकट. पावसात पाणी साचायचं अन् रोप मुळाशी कुजायचं. आदल्या वर्षीची माझी सगळी मिरची अशीच गेली होती. म्हणून उन्हाळाभर ओढ्यातून दगड आणले, गुडघाभर उंच चौकट रचली, तळाशी मुरूम टाकला, वर शेणखत अन् गाळ. वांग्याचं बी शेजारच्या चाचीनं दिलं. मालक म्हणाले, "दगडं वाहायची लई हौस दिसते तुला."

भादव्यात गावभर भाजी सडली, माझी झाडं मात्र वांग्यांनी वाकली. तेव्हा कुठं मालकांचं वाफ्याकडं लक्ष गेलं.

मालक उर्दू शिकलेले. तहशिलीत कारकुनी मिळावी म्हणून ते गिरदावराच्या मागं होते. हा पटवाऱ्यांवरचा साहेब दौऱ्यावर आला की आमच्या गावात मुक्काम करायचा. एकदा मालकांनी त्याला पाटीभर वांगी नेऊन दिली. साहेबाला आवडली. झालं! दर आठवड्याला पाटी जायला लागली, अन् ती भरायची मीच. मला सहावा महिना होता. वांगी तोडताना भरताच्या आठवणीनं तोंडाला पाणी सुटायचं.

"एखादं तरी घरात ठिवा की," मी म्हणाले.

"नोकरी लागू दे. मग खा की रोज."

हे चाचीनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवरून म्हणाली, "अगे, पैले अपने पेट में डाल. ला दो बैंगन." तिच्या हातचं आमच्यात चालत नव्हतं. तरी मी दोन वांगी दिली. तिनं भरीत करून भाकरीवर ठेवून दिलं, अन् मी वाफ्याच्या कडेला बसूनच खाल्लं.

मालकांनी सकाळीच वांगी मोजून ठेवली होती. संध्याकाळी विचारलं, "दोन कमी काहून?"

"मी खाल्ली."

"साहेबाच्या पाटीतली खाल्ली?"

"वाफा मी बांधला," मी म्हणाले, तोच थोबाडीत बसली. भिंतीपलीकडं चाचीचा भांडी घासायचा आवाज थांबला.

दिवाळीआधी गिरदावराची बदली झाली. कारकुनी त्याच्याच कुण्या नातलगाला मिळाली. मालक घरी आले ते सरळ परसात गेले अन् पहारीनं वाफा फोडला. "किडकी वांगी भरली असशील तू, म्हणून झालं हे," असं म्हणत झाडं मुळासकट उपटली. दगड बैलांच्या गव्हाणीला लावले.

मी भांडले नाही. आठवा लागला होता, उभंसुद्धा राहवत नव्हतं. त्या दिवसापासून मात्र त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. जेवायला वाढलंय, पोरीला ताप आहे, पाणी तापलंय, एवढंच. ते त्यांच्या कधी ध्यानात आलं की नाही, मला माहीत नाही.