धुऱ्यापल्याडची तूर

पौषातल्या दुपारी पिकत आलेल्या तुरीला एक उग्र, किंचित तेलकट वास सुटतो. मारेगावच्या एसटीतून उतरले तेव्हा तो आला. सहा वर्षं मी या वासामागे हिंडते आहे. यवतमाळच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवायचं आणि उरल्या वेळात, म्हणजे मुळात नसलेल्या वेळात, पीएच.डी. करायची, असा माझा दुहेरी वनवास.

काम सांगायला सोपं आहे. पानातलं जनुक वेगळं काढायचं, त्याची चारच अक्षरांत लिहिलेली लांबलचक ओळ वाचून घ्यायची आणि शेतातल्या तुरीची ओळ रानातल्या भावंडांच्या ओळींखाली ठेवून कुठे अक्षर बदललं ते डोळे चुरचुरेपर्यंत पाहत बसायचं. बदल जितके कमी, तितकं नातं जवळचं. सोयरीक जुळवताना म्हाताऱ्या बाया चार पिढ्यांची नाती काढतात, तसंच. त्यातून नात्यांचा वृक्ष उभा राहतो. माझ्या वृक्षावर मारेगावच्या जंगलकाठचं एक झुडूप शेतातल्या तुरीला इतकं खेटून बसलं होतं की, तुरीची रानातली आई आपल्याच जिल्ह्यात आहे, असं मी चर्चासत्रात छाती काढून सांगून आले होते. प्रबंध त्या एका फांदीवर उभा होता आणि कायम होण्याची माझी आशा प्रबंधावर. पुढच्या महिन्यात मुलाखत होती.

मार्गदर्शक सरांना फक्त बियांचा फोटो हवा होता, कारण रानटी बीवर एक मांसल उंचवटा असतो, पेरत्या तुरीवर तो नसतो. पान मी श्रावणात तोडलं होतं; शेंगा धरेपर्यंत थांबायला सवड कुणाला होती?

झुडूप जागच्या जागी होतं. शेंग सोलली, दाणे लाल, गुळगुळीत. दुसरी सोलली, तिसरी सोलली. शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या शोभाताई, ज्यांच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, मी दरवेळी ये-जा करते, ओटी सावरत आल्या.

"काय पाहून राह्यल्या मॅडम? ते तं आमचीच तूर हाय. पेरनी झाली का उरलेली मूठ आमी धुऱ्यापल्याड फेकतो, पाखरायच्या नावानं. माह्या सासूपासून चालू हाय."

"मग मला कधी बोलला नाहीत?"

"तुमी इचारलं कधी?" त्या हसल्या आणि पुन्हा वेचणीला लागल्या.

मी सरांना फोन करून सगळं सांगितलं. फोटो राहू द्या, मारेगावला कोण येतंय बघायला, असं ते मायेनेच म्हणाले. खरंच कोणी आलं नसतं. रडू फुटेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात मला नुसती झोप येत होती, आणि परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून मी यवतमाळपर्यंत झोपले.

संध्याकाळी ती ओळ वृक्षातून काढून टाकली. उरलेल्यांची नाती संगणकाने निमूटपणे नव्याने मांडली. तुरीच्या शेजारची जागा रिकामी झाली. मुलाखतीला काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. नमुन्यांच्या यादीत 'रानटी' खोडून 'पेरलेली' लिहिलं. कोणाच्या हातची, हेही लिहावंसं वाटलं, पण तसा रकानाच नव्हता. तो आखला, शोभाताईंचं नाव घातलं आणि खाली पाहिलं. शेताशेतांतून आणलेल्या बाकीच्या बत्तीस नमुन्यांपुढे लिहायला माझ्याकडे एकही नाव नव्हतं.