काहीच निघालं नाही

परवा धुळ्याहून रावेरला गेले होते. केळीच्या एका पॅकिंग शेडवर काम करणाऱ्या बाईच्या बोटातून थेंबभर रक्त घ्यायला... एवढ्यासाठी पहाटे निघालो होतो, मी आणि आमच्या लॅबमधले टेक्निशियन नाना.

माझं काम मलेरियावरचं. मलेरियाची औषधं अजून चालतात की परजीवी त्यांना दाद देईनासे झालेत, हे तपासायचं. म्हणजे गोळ्या दिल्यावरही पेशंटच्या मागे महिनाभर लागायचं. बरं झालेल्या माणसाला पुन्हा पुन्हा सुई टोचायची... लोक वैतागतात, आणि त्यांचं चुकत नाही.

सुमनबाई (नाव बदललं आहे) सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरच्या. गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवसापर्यंत रक्त स्वच्छ व्हायला हवं. त्यांच्या तिसऱ्या दिवसाच्या स्लाइडवर मला परजीवी दिसले. थोडेच, पण होते.

त्या क्षणी मला काय वाटलं, ते लिहायला हवं. मला आनंद झाला... काळजी नंतर वाटली. किती वर्षं स्वच्छ स्लाइड बघतेय, कंटाळा येईपर्यंत. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात रिसर्च पेपरचं शीर्षकसुद्धा तयार होतं.

त्यानंतरच्या एका तपासणीला त्या आल्याच नाहीत. फोन बंद. पाड्यावरच्या आशा कार्यकर्तीनं चौकशी केली तेव्हा कळलं, बाई केळीच्या कामावर गेल्यात आणि अंगात पुन्हा कसकस आहे म्हणतात. ताप उलटला असेल तर औषध बदलावं लागणार होतं, तेही लवकर. म्हणून ही धावपळ.

शेडमध्ये बायका टाकीतल्या पाण्यात केळीच्या फण्या धूत होत्या. आम्हाला बघून सुमनबाईंचा चेहराच पडला. मुकादमाला आजाराचं कळलं तर उद्यापासून कामावर येऊ नको म्हणेल, अशी त्यांना धास्ती. खोक्यांच्या थप्पीमागे चला म्हणाल्या. तिथे, चोरी केल्यासारखं, नानांनी त्यांचं बोट हातात घेतलं.

पाण्यानं बोटं सुरकुतलेली, वर केळीच्या चिकाचे काळे डाग. नाना पुसतायत, पुसतायत... शेवटी म्हणाले, "अक्का, तुझं बोट सापडेना मला." त्या हसल्या, आणि तेवढ्यात नानांनी सुई टोचली. ही नानांची जुनी युक्ती. थर्मामीटर लावला तर ताप नव्हता. पण ताप येतो-जातो, त्यावर विसंबता येत नाही.

जवळच्या आरोग्य केंद्रात मायक्रोस्कोप मिळाला. आमच्याकडे पद्धत अशी की एक स्लाइड दोघांनी वेगवेगळी वाचायची, आणि दोघांचं वाचून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. नानांनी वाचली, उठले, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग मी बसले.

काही नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून बघितली... मग आणखी एकदा. बाईंच्या काळजीपोटी बघतेय, असं मी स्वतःला सांगत होते. नाना तिकडूनच म्हणाले, "मॅडम, बाहेरून आणून ठेवलं तरच निघेल आता."

काम सुटल्यावर सुमनबाई केळीच्या टेम्पोत बसून थेट केंद्रावर आल्या. दारातच थांबल्या. पदर हातात घट्ट धरलेला.

"काही निघालं का?"

"नाही. काहीच निघालं नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. विश्वास बसला नसावा.

"मंग तुमचं तोंड काहून उतरलं?"

प्रवासाचा शीण आहे, असं मी म्हणाले. खोटं नव्हतं ते... पण पूर्ण खरंही नव्हतं. नाना स्लाइडच्या डब्याचं झाकण उगाच उघडझाक करत होते.

मी खुर्ची पुढे केली, त्यांना बसवलं आणि सगळं नीट सांगितलं. रक्त स्वच्छ आहे, औषध लागू पडलंय, खोकी उचलून अंग दुखत असेल. त्यांनी लगेच माझ्याच फोनवरून घरी सासूला कळवलं. काही नाही निघालं, काही नाही, असं तीन-चारदा तरी म्हणाल्या. जे दोन शब्द मी इतकी वर्षं रकान्यात कंटाळून भरत आलेय, ते कोणी इतक्या आनंदानं उच्चारताना मी पहिल्यांदाच ऐकले.

अजून एकदा यावं लागेल, शेवटचं, असं मी चाचरत सांगितलं. पाड्यावरच येऊ, शेडवर नाही.

"या ना," त्या म्हणाल्या. "पण तव्हा हसत या. मले वाटलं, मरतेच आता मी."

परतताना दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या. मग नाना म्हणाले, "मॅडम, करा सुरू."

"काय?"

"हसायची प्रॅक्टिस."

तिसऱ्या दिवसाच्या त्या नमुन्यातले परजीवी औषधाला दाद देत होते का, याची पुढची तपासणी अजून बाकी आहे, तेव्हा निश्चित काही म्हणता येत नाही. त्यातही काही निघू नये असं मला वाटतंय... मनापासून वाटतंय की आता तसं वाटायला हवं म्हणून, हे मात्र मला अजून सांगता येत नाही.

सुमनबाई, तुम्ही हे वाचणार नाही. तरी सांगते, तुमचं रक्त स्वच्छ निघालं याचा आनंद मला झाला. थोडा उशिरा झाला, एवढंच.