समुद्रगाय बघायला गेलो तेव्हा

लेक साडेचार वर्षांची होईपर्यंत मी तिला एकदाच पाहिलं होतं, दोन महिन्यांच्या सुटीत, आणि तेव्हा ती रांगत होती. मी सौदीत, दम्मामला क्रेनचा मेकॅनिक. ती आणि तिची आई रत्नागिरीकडच्या आमच्या गावात. आमच्यात पत्रांपेक्षा कॅसेटी जास्त चालायच्या. सुटीवर निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेत मी बोलून भरलेली कॅसेट कोंबायचो, आणि परत येताना तो घरची घेऊन यायचा. बडबड्या म्हणून माझी ख्याती आहे. कॅसेटची वीतभरही फीत मी कधी मोकळी सोडली नाही.

फॅमिली व्हिसा हातात पडायला आणि शेजारच्या कुवेतवर चढाई व्हायला एकच गाठ पडली. सगळं खोळंबलं. येणारंजाणारं कुणी उरलं नाही, तेव्हा कॅसेटीही थांबल्या. खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावून आम्ही सहाजण एका खोलीत झोपायचो आणि भोंगा वाजला की विषारी वायूचे मास्क चढवायचो. मरणाची भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त एकच गोष्ट खायची: पोरीने बापाला ओळखायच्या आधीच काही झालं तर?

काही झालं नाही. लढाई संपली, विमानं सुरू झाली आणि मायलेकी आल्या. विमानतळावर ती आईच्या मागे लपली. म्हटलं, नवखी आहे, होईल सवय.

महिना उलटला तरी ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. शेजारच्या केरळी बाईंशी बोलायची, गच्चीवरच्या कबुतरांशी बोलायची. मी समोर बसून बोलायला लागलो की मांडी घालायची, हात मांडीवर ठेवायची आणि मान खाली घालून गप्प. मग मला आणखी चेव यायचा. कामावरून आलो की बूट काढता काढता सुरू, ते तिचा डोळा लागेपर्यंत. गोष्टी सांगितल्या, बकरीचे आवाज काढले, कफीलच्या, म्हणजे आमच्या अरब मालकाच्या, चालण्याची नक्कल केली. बायको हसून लोळायची. पोरगी मात्र देवडीवरच्या शिपायासारखी स्थिर. एकदा मी न्हाणीघरात जाऊन रडलो. नळ सोडून रडलो, म्हणजे ऐकू जायला नको.

बकरी ईदच्या सुटीत आमच्याच तालुक्यातला एक नाखवा भेटायला आला. तो एका अरबाची लाँच चालवायचा. म्हणाला, "पोरीला समुद्रगाय दाखवतो, चला." वर उत्तरेकडे किनाऱ्याला तेलाचा काळा थर होता आणि कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरींचा धूर अजून आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरायचा. पण खाली उकैरच्या बाजूला पाणी स्वच्छ होतं. आम्ही पहाटेच निघालो. बायकोने डबाभर सांदणं घेतली होती. लाँच सुटल्यापासून मी पोरीला मासे सांगत होतो, बेटं सांगत होतो, बेटावरची कासवं सांगत होतो. ती आपली मांडी घालून बसलेली.

एका बुटक्या, वाळूच्या बेटाच्या आडोशाला नाखव्याने इंजिन बंद केलं. खाली उथळ पाण्यात हिरवं गवत हलताना दिसत होतं.

"ती हेच गवत चरते," तो हळूच म्हणाला. "अरबी लोक हिला समुद्राची नवरी म्हणतात."

"आणि ती कशी असते ना," मी पोरीकडे वळून सुरू केलं, तोच त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आता कुणी हूं की चूं करायचं नाय. आवाज झाला की ती बुडी मारते. तुम्ही तर अजिबात नाय."

मी तोंड मिटलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग लाँचपासून दहाबारा हातांवर एक करडं नाक वर आलं, दोन नाकपुड्या उघडल्या, फुस्स करून श्वास सुटला. तिच्या पाठीशी चिकटून आणखी एक नाक आलं, इवलंसं. आईने श्वास घेतला की पिल्लू घेई. गोल, गुळगुळीत, संथ अंगं. बायको माझ्या कानाशी लागली, "नवरी जरा अंगाने भरलीय." मी तरीही बोललो नाही.

तेव्हा माझी बाही कुणी तरी ओढली.

"झालं?" पोरीने विचारलं. मला. माझ्याकडे बघून.

मी नुसती मानेनेच हो म्हटलं. बायकोने कपाळाला हात लावला.

"या खुदा," ती कुजबुजली, "गावी तुमची कॅसेट लागली की मीच हिला गप्प बसवायची. अब्बा बोलतायत, मध्ये बोलायचं नाही, त्यांना ऐकू जात नाही. त्यांचं संपलं की मग तुझं, असं सांगायची. आणि तुम्ही इथे संपतच नाही!"

पोरगी ताठ बसली, घसा साफ केला आणि अगदी हळू आवाजात सुरू झाली.

"अस्सलाम अलैकुम, अब्बा. मी बरी आहे. आई बरी आहे. इथली लिफ्ट मला नाही आवडत. केरळी खाला मला केळ्याचे काप देते. आता एक नाक आलं होतं, मग छोटं नाक आलं. त्याचं नाक डोक्यावर आहे. तुम्ही बकरी करता ती आपल्या बकरीसारखी नाही होत."

महिनाभराचं साठलेलं ती ओतत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसतही नव्हतो, कारण हात हलवला तर ती थांबेल असं वाटत होतं. नाखवा दुसरीकडे तोंड करून दोरी गुंडाळत बसला.

शेवटी तिने दम घेतला आणि नेहमी कॅसेटमध्ये विचारायची तेच विचारलं. "अब्बा, तुम्ही घरी कधी येणार?"

इतकी वर्षं मी याला 'लवकरच' म्हणत आलो होतो.

"आलो," मी म्हणालो. "आलो गं बाय."

तिने मान डोलावली. मग मी पुन्हा गप्प झालो, कारण तिचं अजून संपलं नव्हतं.