अक्कांचा पुठ्ठा

मंगळवार पेठेत आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर अक्कांचं शिवणाचं दुकान होतं. दुकान म्हणजे त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली. अक्का निपाणीकडच्या. घरात कानडी बोलत आणि गिऱ्हाइकाशी मोठ्या आवाजात कोल्हापुरी. त्यांचे मालक पुरुषांचे सदरे शिवत. ते वारल्यावर अक्कांनी त्याच मशीनवर बायकांची झंपरं शिवायला घेतली. पोटाला दुसरं काही नव्हतं, मूलबाळही नव्हतं.

मी त्यांच्याकडे हूक लावायला आणि हातशिलाई करायला जात असे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चारचौघांत बोलायचं म्हटलं की जीभ जड व्हायची, म्हणून मी आतल्या दाराशी भिंतीकडे तोंड करून बसे. गिऱ्हाइकांना माझे टाके ओळखीचे होते, माझं तोंड नव्हतं.

मशीनच्या वर खिळ्याला एक पुठ्ठा टांगलेला असे. तो कापडावर ठेवायचा, भोवती खडूने रेघ मारायची आणि झंपर कापायचं. मालकांच्या हातचा, म्हणून अक्का रोज सकाळी त्याला हात लावून तो हात कपाळाला लावत. पण त्याचा मूळ आकार आता कुणाला सांगता आला नसता. त्याच्यावर जागोजागी तुकडे चिकटवलेले होते. वर्तमानपत्राचे, लग्नपत्रिकेचे, साबणाच्या खोक्याचे, सगळे खळीने डकवलेले. एक तुकडा जाड बायकांसाठी, एक बाळंतिणीसाठी, एक गुळाच्या गुऱ्हाळावरच्या बायकांसाठी. काही तुकडे कशासाठी होते ते अक्कांनाही आठवत नसे. तरी त्या काढत नसत. "असूं दे ग. कायतरी कारणानंच लावलं असंल की."

नुसता पुठ्ठा ठेवून भागतही नसे. खांदा दोन बोटं जास्त कापायचा आणि शिवताना आत घ्यायचा. आत घेतला की मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, वर ओढला जातो, म्हणून तो आधीच खाली उतरवायचा. मुंढा उतरला की बाही सैल पडते, म्हणून बाहीला चिमटा, म्हणजे बारीक चूण. चिमटा घेतला की बगलेची शिवण तिरकी. बाई जाड असेल तर चिमटा नको, पण मग हुकांची पट्टी रुंद. हे सगळं अक्कांच्या हातात होतं. अंगावर घातल्यावर झंपर असं बसे की लांबून बायका येत.

एका पौर्णिमेला अक्का नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला गेल्या आणि घाटाच्या ओल्या पायरीवरून घसरल्या. उजवं मनगट प्लास्टरमध्ये घालून परत आल्या. लग्नसराई तोंडावर आलेली. कपाटात नवऱ्यामुलींचे खण येऊन पडलेले. खण म्हणजे झंपरापुरतंच कापड. एकदा चुकीचं कापलं की तसं दुसरं मिळायचं नाही.

"कापडं परत करावी म्हणते," अक्का म्हणाल्या. "पण एकदा परत केली का बायका दुसरीकडं जात्यात. आणि गेलेली बाई परत येत न्हाय. दुकान मिटलं म्हण माझं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू कापतीस काय? मी बसून सांगते."

सुरुवात त्यांनी साध्या मांजरपाटावर करायला लावली. अक्का खाटेवरून सांगत, मी कापे. खांदा जास्त ठेवला. मुंढा उतरवला. पण किती, ते अक्कांना बोलून सांगता येईना. "हितं जरा... न्हाय, एवढं न्हवं. अग, हात आपोआप जातोय की तितं!" त्यांचा हात जात होता, माझा कुठे जाणार? शिवून झाल्यावर ते झंपर मी स्वतःच्या अंगावर चढवलं. पाठीवर फुगा आला आणि हात वर होईना.

तेवढ्यात शेजारची मावशी आपल्या पुतणीचा खण कुठवर आला ते बघायला आली. मला बघून दारातच थांबली.

"अक्का, झंपर शिवलायसा का पेंडीचं पोतं?"

"तुला पोतंच शिवून देते, बस," अक्का म्हणाल्या. "तुझं माप त्येच्यातच बसंल."

मावशी हसली, पण जाताना म्हणाली, "चार दिस बघते. न्हायतर खण माघारी द्या. लग्न थांबायचं न्हाय."

ती गेल्यावर अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या. जेवायलाही उठल्या नाहीत.

दुपारी त्यांचा डोळा लागला, तेव्हा मी अंगावरचं माझं जुनं झंपर काढून उलटं केलं आणि धुतलेलं दुसरं घातलं. ते जुनं अक्कांनीच शिवलेलं, माझ्या अंगाला नीट बसणारं. बाहेरून किती साधं. आत मात्र बगलेजवळ शिवणीवर शिवण, दुमडलेलं कापड, सोडून पुन्हा घातलेली टीप. माझ्या मनात आलं, बाहेर जे नीट दिसतंय ते तर खरंच आहे. मग ते सरळ का कापू नये?

मी ते झंपर उसवलं. आत दडवलेलं कापड शिवणीपाशी कापून टाकलं, सगळे भाग इस्त्रीने सपाट केले आणि एका कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवून भोवती रेघ मारली. शिवणीपुरती बाहेर जागा सोडली. निघालेला आकार इतका साधा होता की माझाच विश्वास बसेना. तो अक्कांच्या पुठ्ठ्यावर ठेवला, तर सगळा फरक खांद्यापासून सुरू होत होता. जुना खांदा फार लांब. बाकीचं सगळं त्या लांबीला सांभाळून घेण्यासाठी. एवढा लांब खांदा मी रोज बघत होते. आमच्या घरी दोरीवर वाळत असायचा, माझ्या नवऱ्याच्या सदऱ्याचा.

नव्या पुठ्ठ्यावर मी मांजरपाटाचं एक झंपर शिवलं. झालं लवकर, पण सांगायचं कसं? त्या ज्याला रोज नमस्कार करतात, तो बायकांच्या झंपराचा पुठ्ठाच नाही, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते? अक्का उठल्यावर ते झंपर त्यांच्या मांडीवर ठेवलं, घरून नवऱ्याचा एक सदरा आणला आणि तो जुन्या पुठ्ठ्यावर पसरून ठेवला.

अक्कांनी डाव्या हाताने झंपर उलटं केलं. बगलेत बोटं फिरवली. "शिवणी कुठं गेल्या ग?"

मग त्यांनी सदऱ्याकडे बघितलं. खांदा पुठ्ठ्याच्या रेघेवर अगदी बरोबर बसला होता. मला वाटलं आता रागावतील. त्या सदऱ्याच्या खांद्यावरून बोट फिरवत बोलल्या.

"लगीन झालं त्या साली मी त्येस्नी म्हणलं, मला एक झंपर शिवा. त्येंनी बाईचं माप कधी घेतलं न्हवतं. बायकूचं घ्यायला बी लाजले. सदऱ्याचाच पुठ्ठा ठेवला, म्हणाले, घाल, हुतंय. कसलं हुतंय! मीच आत घेत बसले. त्येंच्या माघारी तोच पुठ्ठा घिऊन बसले, आणि मग आतच घेत ऱ्हायले की ग."

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "गावातल्या समद्या बायकांना सदरं घातलं मी!"

ते झंपर अक्कांनी माझ्याच अंगावर घालून बघितलं आणि मग खण कापायला सांगितलं. मावशीच्या पुतणीचा पहिला. कात्री रेघेवरून सरळ गेली. मावशी झंपर घेऊन गेली ती काही न बोलता. तिचं न बोलणं म्हणजे पसंतीच होती.

मला वाटू लागलं होतं की जुन्या पुठ्ठ्यावरचे सगळे तुकडे फुकटचे. तेवढ्यात डोक्यावर दुधाची घागर घेऊन दारोदार फिरणारी गवळीण नवं झंपर घालून आली. घागर धरायला हात वर केला, आणि बगलेतली टीप करकरली.

"हिची कळी कुठाय?" अक्का ओरडल्या. कळी म्हणजे बगलेत घालायचा तिकोनी तुकडा. वर्तमानपत्राचा तो बारका तिकोन मी निरुपयोगी समजून सोडून दिला होता. "हिचा हात दिसभर वर असतोय. कळी न्हाय घातली तर फाटंल. बाकीचं सोड, ह्यो तेवढा ठेव."

तेव्हापासून आम्ही दोघी बसून एकेक तुकडा बघू लागलो. हा कशासाठी होता, ती बाई आता आहे का, तिचं काम काय. खांद्यामुळे लागलेले तुकडे सोडून दिले. माणसामुळे लागलेले राहिले, पण त्यांच्यासारखे नवे कापून, पुठ्ठ्याला न डकवता, वेगळ्या खिळ्याला टांगले, लागेल तेव्हा घ्यायला. जे आठवत नव्हते त्यांचाही पत्ता हळूहळू लागत गेला, कारण अक्कांना बायका आठवत.

प्लास्टर निघालं तोवर कपाट रिकामं झालं होतं आणि एकही खण माघारी गेला नव्हता. पुढे झंपरं मीच कापू लागले. कधीकधी गिऱ्हाइकाला "हात वर करा" असं म्हणायचीही हिंमत येऊ लागली.

हात बरा झाल्यावर अक्कांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर तो जुना पुठ्ठा खाली घेतला. ओल्या फडक्याने भिजवून त्याच्यावरचे तुकडे एकेक करून सोडवले. खाली मालकांचा मूळ पुठ्ठा निघाला, पिवळा पडलेला पण धड. कडेला त्यांच्या पेन्सिलीची रेघ तशीच होती. अक्कांनी तो उन्हात वाळवला आणि पांढऱ्या कापडावर ठेवून स्वतःच्या हाताने कापून माझ्या नवऱ्यासाठी एक सदरा शिवला.

"घालून बघा म्हणावं पावण्यास्नी," म्हणाल्या.

नवऱ्याने घातला. मी मागून खांद्याला हात लावून बघितला. कुठेही काही आत घ्यावं लागलं नाही.