पातेल्यांतली बाजरी

सहा पातेली होती. जाड, कडेला कान असलेली, एकेकात पंचवीस-तीस पोरांचा भात शिजेल एवढी. आफ्रिकेत मलावी म्हणून देश आहे, तिथल्या एका बालगृहाला आमचं कॅनडातल्या व्हिटबी गावचं चर्च मदत करतं. दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात तिकडे एक कंटेनर पाठवायचं ठरलं. त्यात ही पातेली, शाळेचं सामान, कपडे आणि मुख्य म्हणजे मच्छरदाण्या जायच्या होत्या. पातेली कागदात गुंडाळून खोक्यांत भरायचं काम मी घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. बाकीच्या बायका टेबलाभोवती बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या, हसत होत्या. तिथे बसले असते तर कुणीतरी काही विचारलं असतं आणि मला इंग्रजीत उत्तर द्यावं लागलं असतं. पातेली कोपऱ्यात होती, तिथे कुणी नव्हतं, म्हणून मी तिकडे गेले.

मी नगरकडची. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात होते. चौथी झाली आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला आईने घरी नेलं. नवरा गेल्यावर मुलाने कॅनडाला आणलं. मुलगा आणि सून दोघं नोकरी करतात. मी घर बघते, रविवारी त्यांच्याबरोबर चर्चला जाते आणि मागच्या बाकावर बसते. गावीसुद्धा मी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कधी उभी राहून प्रार्थना केली नाही. तिथल्या पाद्रीबाबांच्या पत्नी, पाळकबाई, म्हणायच्या, "अगं, माणसांशी नाही तर नाही, देवाशी तरी बोल." मी म्हणायचे, "मनात बोलते."

इथे सून माझ्या कानाशी बसून सगळं मराठीत सांगते. मनाने चांगली आहे, तोंडाने फटकळ. म्हणते, "आई, चर्चमध्ये तोंडाला कुलूप आणि घरी आल्यावर शंभर क्वेश्चन्स. तुमच्या नादात माझं सर्मन ऐकायचं राहतं."

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना झाली की हॉलमध्ये पडद्यावर ते बालगृह दिसायचं. इथे दुपार, तिकडे संध्याकाळ. पत्र्याची लांब खोली, तिच्यापुढे मुलं रांगेत उभी. बालगृह चालवणाऱ्या बाईंना सगळी मुलं अमाई म्हणायची. त्यांच्या भाषेत ते आईसाठीच आहे. अमाई माझ्याच वयाच्या असतील. मुलं गाणं म्हणायची आणि सातआठ वर्षांची एक मुलगी पहिली ओळ एकटी म्हणायची. आवाज मोठा, लाज म्हणून नाही. मी तिच्याकडेच बघत बसायचे. त्या वयात मी बोर्डिंगात गाण्याच्या वेळी नुसते ओठ हलवायचे.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी अमाईंनी एक मच्छरदाणी पडद्यासमोर धरली. ती इतकी फाटलेली होती की भोकातून त्यांचा चेहरा दिसत होता. नोव्हेंबरमध्ये तिकडे पाऊस सुरू होतो आणि पावसाबरोबर मलेरिया येतो. मागच्या पावसात दोन मुलं गेली होती. "पावसाच्या आधी," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा म्हणाल्या, "प्लीज, पावसाच्या आधी." एवढं इंग्रजी मला कळलं.

खोकी भरायच्या कामावर एक रिटायर्ड नर्सबाई होत्या. उंच, गोऱ्या, हातात कायम यादी. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं आणि सुनेने मला सांगितलं, "आई, त्या म्हणतायत, लिस्टवर नाही ते बॉक्समध्ये नाही. एक पिनसुद्धा नाही."

मला समजलं नाही असं मी म्हणू शकले असते. पण मला नीट समजलं होतं.

तरी पातेली गुंडाळताना माझा हात अडला. आमच्यात रिकामं भांडं कुणाच्या घरी पाठवत नाहीत. शेजारणीची वाटी परत करायची तर चिमूटभर साखर तरी घालून करायची. लेकीला भांडी देताना आई त्यात धान्य घालते. आणि ही तर आईबाप नसलेल्या मुलांच्या चुलीवर चढणारी पातेली. ती तशीच रिकामी पाठवायची? दुसऱ्या शनिवारी मी घरून बाजरी नेली. इंडियन ग्रोसरीतून आणलेली, डब्यात बरेच दिवस पडलेली. जुन्या सुती साडीच्या चिंध्यांत मूठमूठ बांधून प्रत्येक पातेल्यात एक पुरचुंडी ठेवली, वर झाकण घातलं, कागद गुंडाळला. नर्सबाई आल्या, खोक्यावर टिचकी मारून म्हणाल्या, "व्हेरी गुड." मी मान हलवली. त्या दिवशी मला इथे आल्यापासून पहिल्यांदा वाटलं होतं, की आपणही काही दिलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी नर्सबाई पुढे उभ्या राहिल्या. हातात ईमेलचा कागद होता. सून माझ्या कानात सांगू लागली.

"कंटेनर पोचला, पण तिथल्या कस्टमच्या गोदामात अडवलाय. पातेल्यांत धान्य सापडलं म्हणे. त्यात किडे झालेत. पेपर्समध्ये धान्य नव्हतं, म्हणून सगळाच कंटेनर सील केला."

"सगळा?" मी विचारलं.

"सगळा. कुठलं धान्य, कुठून घेतलं, कुणी ठेवलं, हे लिहून दिल्याशिवाय सोडणार नाहीत. आई, तुमचे हात किती गार पडलेत! जॅकेट घाला."

नर्सबाईंनी सगळ्यांना विचारलं, कुणाला काही माहीत आहे का. त्यांची नजर एकेका बाकावरून फिरली. माझ्यावरूनही फिरली आणि पुढे गेली. माझ्याकडून कुणी काही अपेक्षाच करत नव्हतं. मी उभं राहायला हवं होतं. मला वाटलं, सगळे वळून बघतील. मुलाची मान खाली जाईल. म्हणतील, हिने पातेली गुंडाळायचं एक काम घेतलं, तेही हिला धड जमलं नाही.

माझ्या बाकापुढे दिल्लीकडचे एक काका बसायचे. चर्चच्या कमिटीवर होते. ते मागे वळून मुलाला म्हणाले, "अरे, अपना कोई नहीं होगा. उधर का ही चक्कर है. बीज मंगवाया होगा किसी ने बेचने के लिए."

मुलगा म्हणाला, "हो सकता है, अंकल."

मी जॅकेट घातलं.

त्यानंतरच्या आठवड्यांत कळलं की तिकडच्या कस्टमवाल्यांनाही तसाच संशय आला. अमाईंना गोदामाच्या शहरात बोलावलं. बसने जायला एक दिवस, यायला एक दिवस. त्या गेल्या, म्हणाल्या, मला धान्याचं काही माहीत नाही. परत आल्या. पुन्हा बोलावलं, पुन्हा गेल्या. तेवढे दिवस मुलांकडे मोठ्या मुलीच बघत होत्या.

मी घरी सांगायचा प्रयत्न केला. एका शनिवारी मुलगा गराजमध्ये गाडीला विंटर टायर लावत होता. मी दाराशी जाऊन उभी राहिले.

"काय गं आई?"

"एक सांगायचं होतं."

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग सांग की. हा नट निघत नाहीये साला."

"काही नाही. चहा ठेवलाय, हात धुऊन ये."

दुसऱ्या दिवशी सुनेला म्हटलं, "त्या धान्याचं काय झालं गं?" ती म्हणाली, "कोण मूर्ख असेल ना, आई! मला भेटू दे एकदा." मी भाजी चिरत राहिले.

असे सात रविवार गेले. सातही रविवारी मी चर्चला जाताना ठरवलं की आज बोलायचं, आणि सातही रविवारी तशीच घरी आले. दिवसभर हात कामात असायचे आणि डोक्यात हिशेब एकच, पाऊस कधी लागेल. इथे बर्फ पडायला लागला होता. सकाळी खिडकीतून बर्फ बघताना मला तिकडच्या पत्र्याची भीती वाटायची. मी प्रार्थना करायचे की पाऊस लांबू दे. नंतर वाटायचं, पाऊस लांबला तर त्यांचा मका पेरायचा राहील. मी देवाकडे काय मागतेय हेही मला कळेनासं झालं. मग मी प्रार्थना करायची सोडली. मनातसुद्धा बोलेनाशी झाले.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पडदा लागला. चित्र नीट दिसत नव्हतं, नुसता मोठा आवाज येत होता. आधी वाटलं मशीन बिघडलं. मग कळलं, तो पत्र्यावरचा पाऊस होता. अमाई जवळ येऊन बोलू लागल्या. सून सांगता सांगता थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"आई, ती मुलगी. ती पहिली ओळ म्हणायची ती. गुरुवारी गेली. मलेरियाचा ताप डोक्यात गेला."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. पाळक प्रार्थना करायला लागले. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते आणि मी उभी राहिले. मला आधी वाटलं, मी मनातच बोलतेय. पण हॉलमधले डोळे उघडले, तेव्हा कळलं की आवाज बाहेर आलाय.

"ती बाजरी मी ठेवली," मी म्हणाले.

सून माझा हात धरून खाली ओढत होती. "आई, काय बोलताय? बसा."

"सांग त्यांना. बाजरी मी ठेवली. सहाही पातेल्यांत. अमाईंनी नाही, कुणीच नाही. मीच."

सुनेने माझ्याकडे जसं पाहिलं ते मी विसरणार नाही. मग ती उभी राहिली आणि एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेली. मुलगा पुढच्या बाकाच्या पाठीवर कपाळ टेकून बसला होता. दिल्लीचे काका छताकडे बघत होते. पडद्यावर अमाई हलत नव्हत्या. त्यांनी ऐकलं, की पावसात त्यांना ऐकूच आलं नाही, हे समजायच्या आत लाइन तुटली.

कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

नर्सबाई त्याच दुपारी घरी आल्या. बूट काढून किचनच्या टेबलाशी बसल्या आणि विचारू लागल्या. कुठलं धान्य, कुठल्या दुकानातलं, किती, कापड कसलं. सून सांगत होती, त्या लिहीत होत्या. मी बाजरीचा डबा पुढे ठेवला. त्यांनी त्याचा फोटो काढला. कागद तयार झाला तेव्हा मी खाली मराठीत सही केली. जाताना त्या दारात थांबल्या आणि सुनेला काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, हे वीस मिनिटांचं काम होतं."

मुलगा रात्री लवकर जेवून उठला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना जॅकेटची चेन लावत म्हणाला, "मी त्या अंकलना हो म्हणालो होतो, आई. तू शेजारीच बसली होतीस."

कागद गेल्यावर तिकडे बाजरी जाळली, कंटेनरात औषधाचा धूर दिला. नाताळ झाला, नवं वर्ष लागलं, मग जानेवारीत कधीतरी सामान सोडलं. मच्छरदाण्या असत्या तर ती वाचली असती का, असं मी सुनेला एकदा विचारलं. ती म्हणाली, "कुणी सांगू शकत नाही, आई." मला कळतं की तिने दया म्हणून तसं सांगितलं. ते ऐकून बरं वाटावं असं तिला वाटत होतं. पण कुणी सांगू शकत नाही म्हणजे ते मला मरेपर्यंत कळणार नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पडद्यावर ती लांब खोली दिसली. पलंगांवर पांढऱ्या मच्छरदाण्या टांगलेल्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अमाईंनी सगळ्यांचे आभार मानले आणि मग म्हणाल्या, ज्या आईने बाजरी ठेवली होती तिला पुढे बोलवा.

मी गेले. सून बरोबर आली. इतक्या जवळून अमाई फार थकलेल्या दिसत होत्या. त्या रागावतील म्हणून मी मन घट्ट केलं होतं. माफ केलं म्हणतील, अशीही भीती होती. त्यांनी दोन्ही केलं नाही. एक छोटा प्रश्न विचारला. सुनेने तो मराठीत सांगितला नाही. पण मला कळला होता. आधी का नाही बोललात?

मी म्हणाले, "मला बोलता येत नाही." सुनेने सांगितलं.

अमाई म्हणाल्या, "आता बोलताय."

मग त्यांनी त्या मुलीचं नाव घेतलं. इतके महिने मी तिला बघत होते, पण नाव कधी विचारलं नव्हतं. अमाई ते हळूहळू, तुकडे पाडून म्हणाल्या आणि हाताने खूण केली, तुम्ही म्हणा. मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, नाही, असं नाही. पुन्हा म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं. हॉल भरलेला होता, सगळे ऐकत होते. त्यांनी मला सोडलं नाही. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "येस." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिणं मला सोपं जातं. मुलगा आणि सून कामाला गेले की मी ते मोठ्याने म्हणते. घरात कुणी नसतं. म्हटल्याने काही होत नाही, हे मला माहीत आहे.