झिंग्याला दिलेली माती

एका जिवंत झिंग्याला मी रीतसर माती दिलेली आहे.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. (जिल्हा आला, पाणी काही आलं नाही!) शाळेच्या प्रदर्शनासाठी धर्माबादच्या एका मास्तरांनी गोदावरीच्या आटत्या डोहातला झिंगा घागरीत घालून पाठवला. आम्ही लिंगायत, पक्के शाकाहारी. मी विज्ञान शिकवत असलो तरी झिंगा फक्त चित्रात पाहिला होता. त्याला अंगणातल्या कुंड्यात सोडलं आणि लपायला एक कौल टाकलं.

"प्यायला थेंब न्हाई अन् ह्याला कुंडंभर पाणी?" माझी बायको शिवकांता कडाडली.

"अगं, ह्यांची अंडी पार खाली, खाऱ्या पाण्यात फुटतात. नखाएवढी पिल्लं मग नदी उलटी चढत येतात."

"समिंदरापासनं? चालत?"

"चालत, पोहत, कशीही."

"मग इतक्या लांबनं आलेल्या पाव्हण्याला पाणी न्हाई कसं म्हणावं?"

त्या दिवसापासून ती टँकरच्या रांगेत उभी राहून, स्वतःची आंघोळ सोडून झिंग्याला पाणी घालू लागली! (माझी आंघोळ तिने आधीच बंद केली होती.)

पाचव्या दिवशी सकाळी झिंगा निपचित. डोळे, मिशा, पाय सगळं जागच्या जागी, हालचाल नाही.

"लई हलका लागायलाय वो," ती डोळे पुसत म्हणाली.

"जीव गेला की हलकाच होतो," मी अधिकारवाणीने सांगितलं.

आमच्यात मेलेल्याला बसवून पुरतात. झिंगा काही बसेना! शेवटी खड्ड्याच्या कडेला टेकवला, विभूती लावली (त्याचं कपाळ शोधण्यात पाच मिनिटं गेली) आणि माती दिली. कुंड्यातलं पाणी वाया कसं घालवायचं, म्हणून मी ते लिंबोणीच्या आळ्यात ओतलं.

दुपारी शिवकांताने हाक मारली. "अवो, हिकडं या! मग ह्यो कोण हाय?"

आळ्यात झिंगा पडला होता. तोच तो, मऊ, फिकट, मुंग्यांनी भरलेला. रात्री त्याने कात टाकली होती आणि नवं कवच टणक होईपर्यंत कुंड्यातल्या कौलाखाली लपून बसला होता. आम्ही टरफल पुरलं आणि जीव उन्हात ओतला.

"म्हंजे सकाळी ह्यो जिता व्हता?"

"होय."

"समिंदरापासनं आलता वो," ती एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी वर्गात नेमका कात टाकण्याचा धडा होता. तो मी मुलांना घरी वाचायला सांगितला.