धानावरचा आळ

माझ्या दम्याचा गुन्हेगार मी स्वतःच शोधून काढला होता. धान. मळणी सुरू झाली की माझी छाती वाजायची, आणखी पुरावा कशाला हवा? श्वास मोजायच्या नळकांड्यात मी रोज सकाळी फुंकर मारी आणि आकडा कॅलेंडरवर लिही. भर पावसाळ्यात, शिवारात धूळ औषधालाही नसताना आकडा तितकाच घसरे. त्याला मी अपवाद म्हणे. अपवाद पुराव्यापेक्षा जास्त झाले, तरी हिशेबाला पक्का माणूस अशी माझी ख्याती होती. ती मीच पसरवली होती.

दम्याच्या पंपाची मात्रा वाढली, पंप बदलला, वर गोळ्या आल्या. फरक शून्य. शेवटी मी जाहीर केलं, तलावाखालची बांधी ठेक्याने देऊन टाकू. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, त्यानंतर बायकोने हट्टाने घेतलेला धानाचा हा एवढाच तुकडा.

"एक जमीन धरणात गेली," ती म्हणाली. "दुसरी तुमच्या खोकल्यात घालवता का?"

"मले दम लागून राहिला ना."

"तर मोठ्या डॉक्टरले दाखवा. धानाले कायले बदनाम करून राहिले?"

भंडाऱ्याच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंनी बेडका तपासायला मागितला. मी दात घासले, जीभ खरवडली, गुळण्या केल्या आणि डबीवर सुवाच्य अक्षरात नाव घालून नमुना दिला. बाईंनी डबी उजेडात धरली.

"काका, ही नुसती लाळ आहे."

"स्वच्छ आहे."

"तीच तर अडचण आहे. मला छातीतलं हवंय."

"मॅडम, हे सारं गिळून टाकतात," बायको म्हणाली. "चारचौघांत खाकरणं यायले शोभत नाही."

आणि मी दरवेळी डॉक्टरांना सांगत आलो होतो, खोकला कोरडा आहे.

मग दवाखान्यामागच्या भिंतीशी उभा राहून मी पोटापासून खोकलो. बायको पाठीवर थापा मारत होती, जरा जास्तच जोरात.

टीबी निघाला नाही. जीवाणू मात्र भरपूर निघाले. बाईंनी समजावलं, "पंपातलं स्टिरॉइड श्वासनळीची सूज उतरवतं. पण काही जणांच्या नळीत जीवाणू मुक्काम ठोकतात. त्यांच्यामुळे येणारी सूज वेगळी, ती स्टिरॉइडला फारशी दाद देत नाही. तुमचं तसंच दिसतंय."

"मग धूळ?"

"धूळ त्रास देणारच. पण सगळा दोष तिचा नाही."

आम्हाला पुनर्वसनाचा प्लॉट मिळेपर्यंत कचेरीच्या पायऱ्या झिजल्या होत्या. ही जीवाणू मंडळी मात्र ना अर्ज, ना सातबारा, थेट माझ्या छातीत वसली होती.

आधी हृदयाचा ईसीजी काढून बाईंनी काही महिन्यांसाठी कमी मात्रेचं अँटिबायोटिक सुरू केलं, पंप चालूच ठेवून. आकडा हळूहळू चढला. फार नाही, पण बांधावर चालत जाण्याइतका. ठेक्याचं नाव मी पुन्हा काढलं नाही; काढायची सोयही नव्हती.

यंदाच्या मळणीला बायकोने मला काम दिलं: मास्क लावून, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून पोती मोजायची. माझ्या मोजणीत एक पोतं कमी आलं.

"असेल एखादा अपवाद," मी म्हणालो.

"पुन्हा मोजा," ती म्हणाली.